उन्हातली उबवण

दिवाळीच्या आधी घराघरांत डबे घासून होतात, भिंतींवरून ब्रश फिरतो, गच्चीतली गळती बुजवली जाते. नेमक्या त्याच दिवसांत सह्याद्रीच्या कड्यांवरही डागडुजी निघते. राजगुरुनगरहून चास, वाडा, टोकावडे करत भोरगिरीकडे जाणारी वाट भीमेच्या खोऱ्यातून पश्चिमेला सरकू लागली, की दोन्ही हातांना काळे कातळ उभे राहतात. माणसाचा पाय सहसा लागणार नाही अशी कपार, तिच्यावर पुढे आलेला खडकाचा छज्जा, फटीतून फुटलेला एखादा पिंपळ. मोरघारीला घरटं मांडायला अशीच जागा लागते. पावसाने गेल्या वर्षीच्या काटक्या कुजवलेल्या असतात, काही खाली दरीत गेलेल्या असतात. नर-मादी मिळून नव्या काटक्या आणतात आणि जुन्या थरावर रचतात. वर्षानुवर्षं असं चालल्यावर घरट्याची रुंदी दीड-दोन मीटरपर्यंत जाते.

नावात घार असली तरी मोरघार हा खराखुरा गरुड. इंग्रजी पुस्तकांत तो बोनेलीज ईगल म्हणून भेटतो, फ्रांको आंद्रेआ बोनेली या इटालियन पक्षिशास्त्रज्ञाच्या नावाने. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड मीटरहून जास्त. पारवे, तितर, ससे हे त्याचं भक्ष्य. बहुतेक गरुडांप्रमाणे याच्यातही मादी नरापेक्षा थोराड असते, आणि अंडी उबवण्याचं बरंचसं काम तिच्याच अंगावर पडतं.

राजगुरुनगर हे हुतात्मा शिवराम हरी राजगुरूंचं गाव. २४ ऑगस्ट १९०८ रोजी ते इथे जन्मले. गावाला त्यांचं नाव मिळालं, तालुका मात्र अजून खेडच. हा तालुका पूर्व-पश्चिम असा लांबलचक पसरला आहे, आणि गरुडांच्या दृष्टीने तीच त्याची श्रीमंती आहे. पश्चिमेचं टोक भीमाशंकरच्या सदाहरित जंगलात घुसलेलं. १९८५मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, शेकरूसाठी प्रसिद्ध. पूर्वेचं टोक निमगाव-दावडीच्या खंडोबाच्या माळावर, जिथे पाऊस जेमतेम पडतो. दक्षिणेला चाकण, तिथले कारखाने, गोदामं आणि पुणे-नाशिक रस्त्यावरची न संपणारी वाहतूक. जंगलाच्या टोकाला तुरेवाला सर्पगरुड आणि काळा गरुड, कड्यांच्या पट्ट्यात मोरघार, खुरट्या झाडांच्या माळावर सापमार गरुड. एका तालुक्यात इतक्या तऱ्हांच्या गरुडांना राहण्यासारखी जागा असणं ही साधी गोष्ट नाही.

इथे एक खुलासा हवा. हिवाळ्यात उजनीच्या पाणलोटावर किंवा माळरानावर जे मोठे तपकिरी गरुड दिसतात, त्यांतले पुष्कळसे पाहुणे असतात. स्टेपी गरुड मध्य आशियाकडून येतो, इथे खातो-पितो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातो. त्याची अंडी तिकडेच. आपल्याकडे घरटी करणारे गरुड वेगळे. त्यांचा संसार इथलाच, त्यामुळे इथलं ऊनही त्यांच्याच वाट्याचं.

हे सगळे गरुड हिवाळ्यात अंडी का घालतात, याचं उत्तर पावसाळ्यात आहे. मोरघारीचं अंडं जानेवारीच्या सुरुवातीला पडलं असं धरू. उबवणीला सदतीस ते एक्केचाळीस दिवस लागतात, म्हणजे पिल्लू फेब्रुवारीच्या मध्यावर बाहेर येणार. पुढे साधारण दोन महिने ते घरट्यातच वाढतं आणि एप्रिलच्या मध्यानंतर पहिली झेप घेतं. त्यानंतर शिकार शिकायला, आईबापांच्या जिवावर जगायला मे महिना उरतो. जून उजाडला की कड्यावर धुकं, पाऊस आणि वारा; त्यात न उडता येणारं पिल्लू टिकणं कठीण. शिवाय फेब्रुवारी-मार्चपर्यंत डोंगरावरचं गवत वाळून आडवं होतं, ससा-तितर लपायला जागा राहत नाही, आणि उन्हाने तापलेली हवा वर चढू लागल्यामुळे जड पक्ष्याला पंख न हलवता तासन्‌तास घिरट्या घालता येतात. खाणारं तोंड वाढतं तेव्हाच शिकार सोपी होते. हिशेब चोख आहे, पण त्यात एक अडचण आहे. अंडी आणि कोवळी पिल्लं बरोबर दख्खनच्या तापत्या महिन्यांत सापडतात.

उबवणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खुडूक कोंबडी येते, अंड्यांवर बसून त्यांना ऊब देणारी. गरुडाच्या बाबतीतही सुरुवात तशीच असते. अंडी घालायच्या सुमारास मादीच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. पोटाखालची पिसं विरळ होतात, तिथली कातडी जाड आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली होते. पिसं ऊब अडवून धरतात, म्हणून अंड्याला अंग लावायचं तर मध्ये पीस नको. बसताना मादी पोटाची पिसं बाजूला सारते, डावी-उजवीकडे डुलत खाली सरकते आणि ती उघडी कातडी अंड्याला टेकवते. अंड्याच्या आतलं तापमान साधारण सदतीस अंशांच्या आसपास राहावं लागतं. ते बरंच खाली, पंचवीस-सव्वीस अंशांच्याही खाली गेलं, तर गर्भाची वाढ थांबते. पण थांबते म्हणजे संपतेच असं नाही. गारवा थोडा वेळ सोसला जातो. उष्णतेचं तसं नाही. एक्केचाळीस-बेचाळीस अंशांवर अंडं काही काळ राहिलं तर गर्भ दगावतो.

इथे दख्खनचा कडा आणि युरोपातला कडा यांचे रस्ते वेगळे होतात. खेडच्या डोंगरात जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असतो, तेव्हा मादी अंडी पोटाखाली घट्ट घेऊन बसते. दुपारी बारानंतर त्याच कातळाला हात लावला तर चटका बसतो. ऊन थेट घरट्यात आलं की मादी बसत नाही, उभी राहते. सूर्याकडे पाठ, पंख अर्धे उघडून खाली सोडलेले, चोच उघडी, धाप लागलेली. अंड्याला तिचा स्पर्शही नसतो. फक्त तिची सावली त्याच्यावर पडलेली असते. पक्ष्यांना घाम येत नाही, त्यांचं अंग थंड होतं ते धापेने. म्हणजे अंड्यावर सावली धरायची तर स्वतः उन्हात उभं राहून धापा टाकाव्या लागतात. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला वाटतं, ही उगीच उभी आहे. त्या वेळी ती अंडं वाचवत असते. घरट्यासाठी छज्ज्याखालची कपार निवडण्यात अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते. उघड्या झाडाच्या शेंड्यावर राहणाऱ्या सापमाराला तीही सवलत नाही.

सापमाराचं घरटं पाहिलं तर इतका मोठा पक्षी यात मावतो कसा, हा प्रश्न पडतो. बाभूळ, हिवर अशा काटेरी झाडाच्या माथ्यावर बारीक काटक्यांचं, उथळ, अंगापिंडाच्या मानाने अगदीच बेताचं. त्यात एकच अंडं, पांढरं. पंचेचाळीस ते सत्तेचाळीस दिवस ते उबवायचं, म्हणजे मोरघारीपेक्षा जवळजवळ आठवडाभर जास्त. ते फुटलं किंवा करपलं तर जोडीचा त्या वर्षीचा सगळा डाव हातचा जाण्याची वेळ येते. या काळात मादीचं पोट नराच्या शिकारीवर चालतं. तो साप आणतो, पण पंजात धरून नव्हे. साप बहुतेक गिळलेला असतो, चोचीबाहेर फक्त शेपटी लोंबत असते. घरट्यावर उतरल्यावर मादी ती शेपटी चोचीत धरते आणि ओढते, तो मान ताणून मागे रेलतो, आणि हातभर साप सरसरत त्याच्या घशातून बाहेर येतो. हे दृश्य ज्याने एकदा पाहिलं तो पक्षिनिरीक्षणाचा नाद सोडत नाही.

पाळी बदलण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. मोरघारीचा नर शिकार घेऊन येतो किंवा नुसताच येतो, आणि मादी उठते. उठताना ती पंजे मिटून घेते. ज्या नख्यांनी ससा जागच्या जागी मारायचा त्या नख्या अंड्यांमध्ये उघड्या ठेवून चालणार कसं? बोटं आत वळवून, मुठीवर चालल्यासारखी पावलं टाकत ती काठाशी जाते. मग नर तसाच मुठी वळून पुढे सरकतो, चोचीने अंडं हलवतो, वळवतो आणि त्यावर बसतो. त्याच्या पोटाला मादीसारखी उघडी, रक्ताने भरलेली कातडी नसते, त्यामुळे त्याची ऊब कमी पडते. त्याची पाळी मादीला खाऊन, पिसं साफ करून, अंग मोकळं करून येण्यापुरती. रात्र मात्र बहुतेक गरुडांत मादीचीच.

अंडं वळवण्याला कारण आहे. ते एकाच कुशीवर पडून राहिलं तर वाढणारा गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो आणि पुढे मरतो. म्हणून दिवसभरात अनेकदा, रात्रीसुद्धा, मादी मान खाली घालून अंडी फिरवते. कवचातून वाराही खेळत असतो. कोंबडीच्या अंड्यालाच साधारण दहा हजार सूक्ष्म छिद्रं असतात; गरुडाच्या अंड्याचीही घडण तीच. त्यांतून प्राणवायू आत जातो, वाफ बाहेर पडते, आणि उबवणीच्या अखेरीस अंड्याचं वजन सुमारे पंधरा टक्क्यांनी घटलेलं असतं. ही घट लागतेच, कारण त्यातूनच अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी तयार होते आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. पण कोरड्या हवेत पाणी फार गेलं तर पिल्लू आतच सुकतं, दमट हवेत फार कमी गेलं तर ते गुदमरतं.

घरट्यात गरुड हिरवे डहाळे आणतात, तेही अंडी घातल्यानंतर आणि पिल्लं वाढत असताना. आजूबाजूला वाळकी काटकी हवी तेवढी पडलेली असताना ओला पाला तोडून आणण्याचे कष्ट कशाला, यावर बरेच तर्क झाले. ओलावा टिकतो, घरटं चालू आहे असं शेजारच्या जोडीला कळतं, वगैरे. स्पेनमध्ये मोरघारीच्याच घरट्यांवर २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने एक ठोस धागा दिला. ज्या घरट्यांत पाइनचा हिरवा पाला जास्त, तिथे पिल्लांचं रक्त शोषणाऱ्या माशीच्या अळ्या कमी आढळल्या. आपल्याकडच्या डोंगरात पाइन नाही. इथल्या मोरघारी कुठला पाला निवडतात आणि त्यात कीड मारण्याचा गुण आहे का, हे एखाद्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने हातात घ्यावं असं काम आहे. मात्र घरटं रिकामं झाल्यावर, पावसाळ्यात.

आता महाभारतातल्या एका घरट्याकडे जायला हरकत नाही. आदिपर्वात कश्यपाच्या दोन बायका, कद्रू आणि विनता. कद्रूने हजार पुत्र मागितले, विनताने दोनच, पण तेजस्वी. दोघींना अंडी झाली. पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटून नाग बाहेर आले. विनताची दोन अंडी तशीच. सवतीचं घर भरलेलं पाहून विनताला धीर धरवला नाही, तिने एक अंडं फोडलं. आतून अर्धवट वाढलेला अरुण निघाला आणि त्याने आईला दासीपणाचा शाप दिला. दुसरं अंडं तिने आणखी पाचशे वर्षं जपलं. त्यातून गरुड आला. ज्याने कोणी ही कथा रचली त्याने पक्ष्यांची घरटी नीट पाहिलेली असणार. गरुडाच्या घरट्यातली दोन अंडी एकाच वेळी फुटत नाहीत, सापाची वीण मोठी आणि गरुडाची लहान, आणि अंडं वेळेआधी फोडलं तर हाती अर्धाच जीव लागतो. तिन्ही गोष्टी शास्त्राला धरून आहेत.

पहिली गोष्ट जास्त खोलात जाऊन पाहण्याजोगी. कोंबडी सगळी अंडी घालून झाल्यावर खुडूक बसते, म्हणून तिची पिल्लं एकदम निघतात. मोरघार पहिलं अंडं घातल्यापासूनच बसते. दुसरं दोन-तीन दिवसांनी येतं आणि तेवढ्याच उशिरा फुटतं. बाहेर पडणं हेही तासा-दोन तासांचं काम नाही. पिल्लू आधी हवेच्या पोकळीत चोच खुपसतं, मग चोचीच्या टोकावरच्या कडक दाताने कवचाला चीर पाडतं, थांबतं, दम खातं, पुन्हा ठोसे मारतं. चीर दिसल्यापासून ते मोकळं होईपर्यंत दिवस-दीड दिवस सहज जातो. आई कवच फोडायला मदत करत नाही. धाकटं येतं तेव्हा थोरलं दोन-तीन घास खाऊन बसलेलं असतं, आणि तिथून भाऊबंदकी सुरू होते. थोरलं धाकट्याच्या डोक्यावर चोचीने घाव घालतं, त्याला घासापाशी येऊ देत नाही. शिकार मुबलक असली तर मोरघारीची दोन्ही पिल्लं वाढतात. आफ्रिकेतल्या व्हेरोज गरुडात मात्र धाकट्याला जवळजवळ संधीच नसते. झिम्बाब्वेच्या माटोबो टेकड्यांत व्हॅलरी गार्गेट यांनी एका घरट्यावर बसून मोजदाद केली, तेव्हा तीन दिवसांच्या आयुष्यात धाकट्याने थोरल्याच्या दीड हजाराहून जास्त टोचा खाल्ल्या. आई तिथेच होती. तिने सोडवलं नाही. दुसरं अंडं म्हणजे पहिलं निकामी निघाल्यास कामी येणारी तजवीज, असा अभ्यासक त्याचा अर्थ लावतात. माणसाच्या मापाने हे निर्दय आहे. पण कड्यावर मापं वेगळी असतात, आणि त्यावरून गरुडाला बोल लावण्यात अर्थ नाही.

तुरेवाला सर्पगरुड हा वाद मुळातच टाळतो. तो बहुधा एकच अंडं घालतो, ओढ्याकाठच्या उंच झाडावर, पानांच्या आड. मादी उबवते, नर आसपास पहारा करतो, शीळ घालतो. भीमाशंकरच्या बाजूला ही शीळ सकाळी दहाच्या सुमारास उन्हं वर आली की हमखास ऐकू येते. ते अंडं गेलं तर काही आठवड्यांनी दुसरं घालण्याची सोय निसर्गाने ठेवली आहे. जाण्याची कारणं पुष्कळ, आणि त्यांतलं एक त्याच जंगलात पंख पसरून हिंडतं. काळा गरुड झाडांच्या शेंड्यांवरून इतक्या सावकाश तरंगत जातो की पानापानाआड डोकावता यावं. तो शोधत असतो दुसऱ्या पक्ष्यांची घरटी. अंडी, पिल्लं, प्रसंगी पिल्लांसकट अख्खं घरटं पंजात घेऊन तो जातो. हाच काळा गरुड पुन्हा स्वतःचं अंडं तेवढ्याच निगुतीने उबवतो.

अंडी पळवणाऱ्यांत माणूसही मागे नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांना अंडी जमवण्याचा मोठा नाद. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी देशभरातल्या हौशी लोकांकडून अंडी आणि टिपणं मागवली, त्यावर भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांचा आणि अंड्यांचा ग्रंथ रचला. त्यांच्याच नियतकालिकात १८७८ साली डेव्हिडसन आणि वेंडन या दोघांनी दख्खनच्या पक्ष्यांवर सविस्तर लेख लिहिला. १८८५मध्ये ह्यूम यांनी आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

अंड्यांच्या या छंदाला नाक मुरडावं तर पुढे एक विचित्र गोष्ट घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांत फुटलेली अंडी सापडू लागली. डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांत आणि हौशी लोकांच्या पेट्यांत पडून असलेली जुनी कवचं तोलली-मोजली आणि नव्या कवचांशी ताडून पाहिली. १९६७ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवून दिलं की १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून कवचं एकाएकी हलकी झाली आहेत. डीडीटी शेतातून किड्यात, किड्यातून पाखरात, पाखरातून शिकारी पक्ष्यात साठत गेलं होतं, आणि त्यापासून बनणारं द्रव्य कवचात चुना बसू देत नव्हतं. मादी उबवायला बसली की तिच्याच भाराने अंडं पिचायचं. अमेरिकेत, अलास्का सोडून, टकल्या गरुडाच्या फक्त ४१७ जोड्या १९६३ साली मोजल्या गेल्या. तिथे १९७२मध्ये डीडीटीवर बंदी आली, आणि २००७मध्ये हा गरुड संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९मध्ये थांबलं; डास मारण्यासाठी त्याचा वापर पुढेही चालू राहिला.

त्याच टकल्या गरुडाने अलीकडे लाखो लोकांना उबवणी घरबसल्या दाखवली. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर व्हॅलीत जॅकी आणि शॅडो या जोडीच्या घरट्यावर कॅमेरा आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये हिमवादळात जॅकी जवळजवळ बासष्ट तास जागची हलली नाही. पाठीवर बर्फाचा थर, फक्त डोकं बाहेर. ती तिन्ही अंडी फुटली नाहीत. मुदत उलटून कितीतरी दिवस झाले तरी दोघं आळीपाळीने बसतच राहिली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तीन पिल्लं निघाली, एक वादळात गेलं, दोन जूनमध्ये उडाली. इथल्या कड्यावर बर्फ नाही, पण मार्चच्या दुपारी दोन वाजता खेडच्या कातळावर उभी असलेली मोरघार जॅकीपेक्षा कमी सोसत नाही. तिच्यावर कॅमेरा नाही, एवढाच फरक.

टकल्या गरुडाचा सख्खा चुलतभाऊ आपल्या कोकणात आहे. पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड किनाऱ्यालगतच्या उंच आंब्यांवर घरटं बांधतो, ऑक्टोबरपासूनच कामाला लागतो आणि दोन पांढरी अंडी सुमारे सहा आठवडे उबवतो. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या १९९२मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर त्याच्या घरट्यांची पाहणी केली. वेळासच्या कासवांमुळे ही संस्था सर्वांना ठाऊक झाली, पण समुद्र गरुडाचं कामही तितकंच मोलाचं. घाटावर, पुण्याच्या बाजूला, डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या इला फाउंडेशनने शिकारी पक्ष्यांवर बरंच काम उभं केलं आहे. पुरंदर तालुक्यातलं पिंगोरी हे त्याचं ठिकाण. रिशाद नवरोजी यांचा भारतीय उपखंडातल्या शिकारी पक्ष्यांवरचा २००६चा ग्रंथ तर या विषयाचा आधारस्तंभच.

राजगुरुनगरच्या आसपास उबवणाऱ्या गरुडासमोरचे प्रश्न मात्र ग्रंथात नाहीत, रस्त्यावर आहेत. शनिवार-रविवारी पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणहून माणसांचे लोंढे डोंगरात चढतात. बहुतेकांना पक्ष्याशी काही देणंघेणं नसतं. ते किल्ला, धबधबा, सूर्यास्त पाहायला आलेले असतात. पण कड्याच्या काठावर दहा-पंधरा जण गाणी लावून बसले, कोणी दोर सोडून उतरू लागला, कोणी ड्रोन उडवला, की खालच्या कपारीतली मादी उठते. ती लांबून घिरट्या घालते, ओरडते, माणसं जायची वाट पाहते. माणसं वनभोजनाला आलेली असतात, त्यांना घाई नसते. त्या वेळात सावली हटलेली असते आणि अंडं उन्हात असतं. कोणी घरट्याला हात लावलेला नाही, दगड मारलेला नाही, तरी त्या जोडीचं वर्ष वाया गेलेलं असतं. फोटोग्राफरांची गोष्ट वेगळी; त्यांना घरटं कुठे आहे ते माहीत असतं आणि तरीही ते जवळ जातात. त्यांना अजाण म्हणता येत नाही.

फेब्रुवारीपासून लागणारे वणवे हे दुसरं संकट. पुढच्या साली गवत चांगलं येतं या समजुतीने, कधी नुसत्या विडीच्या थोटकाने, डोंगर पेटतो आणि धूर सरळ कड्याला भिडतो. तिसरं संकट विजेच्या खांबांचं. मोठ्या पंखांचा पक्षी खांबावर बसताना एकाच वेळी दोन तारांना टेकला की संपला. स्पेनमधल्या मोरघारींच्या मृत्यूंत विजेचा धक्का हे एक मुख्य कारण ठरलं, आणि तिथे खांबांवर वेष्टणं चढवावी लागली. औद्योगिक पट्ट्याकडे तारांचं जाळं दर वर्षी दाट होत असताना हे काम इथेही वेळीच करता येईल. चौथं संकट कागदावरचं. सापमार ज्या माळावर राहतो तो सातबाऱ्यावर पडीक असतो, म्हणून गोदामाला, प्लॉटिंगला, वृक्षारोपणालाही पहिल्यांदा तोच निघतो. तिथल्या एकुलत्या हिवरावर दीड महिना एक अंडं उबवलं जातं, याची नोंद कुठल्याही रकान्यात होत नाही.

कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे सारं येतं. म्हणजे बंदूक न उचलताही शिकारीचा गुन्हा घडू शकतो.

तेव्हा हा लेख वाचून होईल आणि डिसेंबर ते मे या महिन्यांत डोंगरात जाणं होईल, तेव्हा एवढं करावं. कड्यावर काटक्यांचा मोठा ढीग आणि त्यात बसलेला किंवा पंख सोडून उभा असलेला पक्षी दिसला, तर तिथेच थांबू नये. आल्या वाटेने मागे फिरावं आणि पाहायचंच असेल तर समोरच्या डोंगरावरून, दुर्बिणीने पाहावं. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत असं समजावं. फोटो निघालाच तर त्यासोबत जागेचं नाव टाकू नये. वणवा दिसला किंवा घरट्याशी कोणी खेळ करताना आढळलं, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.